लोहखनिज आणि भरून न निघणारे नुकसान

पूल, रेल्वे, पवनचक्की, शस्त्रक्रियेची सुरी, या सगळ्यांमागे लोहखनिज आहे. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद तयार करण्यासाठी सुमारे 1.4 टन लोहखनिज लागते आणि जगात वर्षाला 180 कोटी टनांहून अधिक पोलाद तयार होते. भंगार वितळवून या मागणीचा काही भाग भागतो. उरलेल्यासाठी डोंगर फोडले जातात. ते फोडताना जे गमावले जाते, त्यातले काय भरून निघते आणि काय कधीच भरून निघत नाही, हे या माहितीपटात पाहायचे आहे.

उच्च प्रतीचे हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे प्रमाण भरपूर असलेले खनिज, फोडून आणि चाळून थेट जहाजावर चढवता येते. कमी प्रतीचे खनिज मात्र बारीक दळून त्यातले लोह वेगळे करावे लागते आणि मागे पाणी मिसळलेला गाळ उरतो, जो धरणाआड साठवला जातो. खाण थांबली, उत्पन्न आटले, तरी हे धरण तिथेच राहते. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात 5 नोव्हेंबर 2015 रोजी असे फुंडाओ धरण फुटले, 19 माणसे दगावली आणि गाळ दोसी नदीतून वाहत थेट अटलांटिक महासागराला मिळाला. नदीकाठचे क्रेनाक आदिवासी या नदीला वातू म्हणतात आणि तिला आपल्या कुळातल्या वडीलधाऱ्यांत गणतात. त्यांचे पिण्याचे पाणी आणि त्यांचे पूर्वज एकाच दिवशी गाळाखाली गेले. त्याच राज्यात 25 जानेवारी 2019 रोजी ब्रुमाजिन्यो येथील धरण कोसळले तेव्हा 270 जणांचा बळी गेला, आणि त्यात खाणीवर काम करणारेच बहुसंख्य होते. त्या धरणात गाळ सोडणे आधीच बंद झालेले होते. दोन्ही धरणांची उंची साठलेल्या गाळाच्याच आधारावर पुढची भिंत रचून वाढवलेली होती. ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. ब्रुमाजिन्योनंतर ब्राझीलने तिच्यावर बंदी घातली.

खाणीमुळे रोजगार आणि निर्यातीचा पैसा मिळतो, हे खरेच आहे. तथापि खनिज विकणे म्हणजे ठेव मोडून घर चालवणे आहे, आणि हा विचार राज्यकर्त्यांच्या अंदाजपत्रकात क्वचितच उतरतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गोव्याच्या लोहखनिजाबाबत तो उतरवला: वार्षिक उत्खननावर 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि पुढील पिढ्यांसाठी विक्रीच्या 10 टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारण्यास सांगितले.

पैशाची तूट अशा निधीने काही अंशी भरता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा प्रदेशातील जूकन घळीत जे गेले, त्याला असा निधी नाही. तेथील शैलाश्रयात सुमारे 46,000 वर्षांपूर्वीपासून मानवी वावर होता. खाण कंपनी रिओ टिंटोला 2013 मध्ये ती जागा नष्ट करण्याची कायदेशीर परवानगी मिळाली आणि त्यानंतर, 2014 च्या उत्खननात, माणसांच्या केसांची वेणी घालून केलेला सुमारे 4,000 वर्षांपूर्वीचा पट्टा सापडला, ज्याच्या डीएनए चाचणीने आज हयात असलेल्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या तेथील आदिवासी लोकांशी नाते दाखवले. इतके कळल्यावरही परवानगीचा फेरविचार करायला लावणारी तरतूद 1972 च्या वारसा कायद्यात नव्हती. 24 मे 2020 रोजी सुरुंग उडवण्यात आले. त्यातून कंपनीला सुमारे 80 लाख टन उच्च प्रतीचे खनिज मिळणार होते. प्रमुख अधिकाऱ्यांना पुढे पद सोडावे लागले, परंतु पदे पुन्हा भरता येतात.

म्हणून निसर्ग, पैसा आणि वारसा या तिन्ही बाजू एकाच तराजूत तोलण्याची सवय आम्हाला चुकीची वाटते. जे परत येणार नाही, त्याचा निर्णय आधी व्हावा, तोही त्या जागेशी नाते असलेल्यांच्या संमतीने, आणि टनांचे गणित त्यानंतर मांडावे.

जूकननंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाने आणलेला नवा वारसा कायदा 1 जुलै 2023 रोजी लागू झाला आणि जमीनधारकांच्या विरोधामुळे काही आठवड्यांतच तो मागे घेण्याची घोषणा झाली. 1972 चा कायदा दुरुस्त्यांसह परत आला. परवानगीनंतर नवी माहिती हाती आल्यास ती मंत्र्यांना कळवण्याचे बंधन आता त्यात आहे.