दहशतवादाचा निषेध झालाय, खरी परीक्षा पुढे आहे

नमस्कार मंडळी. कुठेही हल्ला झाला की लगेच एक प्रश्न फिरायला लागतो, मुस्लिम धर्मगुरू गप्प का? तर ते गप्प नाहीयेत, हे आधी क्लिअर करू. फेब्रुवारी 2008 मध्ये देवबंदच्या दारुल उलूमने देशभरातले उलेमा (धर्मपंडित) बोलावून दहशतवाद इस्लामविरोधी आहे असं जाहीर केलं. 2010 ला लंडनमध्ये पाकिस्तानी धर्मपंडित ताहिर-उल-कादरींनी आत्मघाती हल्ल्यांविरोधात तब्बल 600 पानांचा फतवा काढला. 2014 ला शंभरावर मुस्लिम विद्वानांनी थेट आयसिस या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या बगदादीला जाहीर पत्र लिहिलं, आणि त्यात नुसता निषेध नव्हता, कुराण-हदीसचे दाखले देऊन त्याचा एकेक दावा खोडला होता. 26/11 नंतर तर मुंबईतल्या मुस्लिम ट्रस्टने मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना कबरस्तानात जागाच दिली नाही, ते मृतदेह वर्षभराहून जास्त शवागारात पडून होते. त्यामुळे "कुणी बोललंच नाही" हे कृपा करून थांबवा.

पण मला ज्याची काळजी वाटते ते वेगळं आहे. बॉम्ब फोडणाऱ्याचा निषेध करणं एक झालं, आणि ज्याच्या बोलण्याने तुमची श्रद्धा दुखावली त्याच्या जिवासाठी उभं राहणं दुसरं, आणि या दुसऱ्या ठिकाणी भलेभले अडखळतात.

पाकिस्तानचंच बघा. लाहोरचे सरफराज नईमी, बरेलवी या सुन्नी पंथाचे आलिम (धर्मपंडित), आत्मघाती हल्ल्यांविरोधात ठामपणे बोलले म्हणून 2009 मध्ये तालिबानने त्यांना मारलं. म्हणजे या पंथाने दहशतवाद नुसता नाकारला नाही, त्याची किंमत मोजली. आणि दीडच वर्षात, 4 जानेवारी 2011 ला, पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच बॉडीगार्डने गोळ्या घातल्या, कारण काय तर ईशनिंदेसाठी फाशी सुनावलेल्या आसिया बीबी या ख्रिश्चन बाईची बाजू त्यांनी घेतली आणि त्या कायद्यावर टीका केली. तेव्हा त्याच बरेलवी पंथाच्या शेकडो मौलवींनी पत्रक काढलं, तासीर यांच्या जनाज्याची नमाज कुणी पढू नये म्हणून! कोर्टाबाहेर वकिलांनी मारेकऱ्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. वकिलांनी!

मला वाटतं याचं मूळ कायद्यात आहे. पाकिस्तानच्या दंडविधानातल्या कलम 295-सी खाली पैगंबरांच्या अपमानाला मृत्युदंड आहे, आणि सरकारच एकदा म्हणालं की अशा बोलण्याला मरण हीच शिक्षा, की मग बंदूकवाल्याला वाटतं आपण फक्त उरलेलं काम केलं. आणि यात बळी मुस्लिमही जातात बरं का, 2017 मध्ये मर्दानच्या युनिव्हर्सिटीत मशाल खान या विद्यार्थ्याला जमावाने ठार मारलं, पोलिसांना त्याच्याविरुद्ध ईशनिंदेचा पुरावा सापडला नाही.

दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे इस्लामवर टीका करणाऱ्यांनाही, हाच नियम लावा ना, की न आवडणारं बोलणंही सहन करायचं. नेदरलँड्सचे इस्लामविरोधी राजकारणी खीर्त विल्डर्स अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर एवढं बोलतात आणि 2007 मध्ये त्यांनीच कुराणावर बंदी मागितली होती. पुस्तकावर बंदी मागायची आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या, हे मला मान्य नाही.

आसिया बीबीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण ते फार कमी सांगितलं जातं. तिची केस लढले सैफ-उल-मलूक, ते स्वतः मुस्लिम. ऑक्टोबर 2018 मध्ये पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाने तिला निर्दोष सोडलं, बेंचवरचे न्यायाधीशही मुस्लिम, आणि निकालपत्रात त्यांनी कुराण आणि हदीसचेच दाखले दिले. त्यानंतर रस्ते अडवले गेले, मलूक यांना काही काळ देश सोडावा लागला, आसियाही पुढे कॅनडाला गेली. 295-सी मात्र अजून आहे तसंच आहे.