मोरीखालची वाट

(पहाट. रावेरच्या बाजूचा रेल्वेरूळ, दोन्हीकडे केळीच्या बागा. रुळाखाली दगडी मोरी.)

नाला कोरडा पडलाय. वाळूत रोहीच्या, म्हणजे नीलगायीच्या, खुरांचे ठसे आहेत, कोल्ह्याची पावलं आहेत. हे ओरखडे बहुधा साळिंदराचे.

सातपुड्यातून उतरून तापीला मिळणारे असे नाले म्हणजे जनावरांच्या पायवाटाच. काठाला झाडोरा आणि रात्री माणूस फिरकत नाही.

(नकाशा.)

पूर्वेला मेळघाट, पश्चिमेला यावल अभयारण्य. मधल्या टापूत मुक्ताईनगर तालुक्यातलं वढोदा-डोलारखेड्याचं रान. २०१४ पासून हे ‘मुक्ताई-भवानी’ संवर्धन राखीव क्षेत्र आहे. इथल्या वाघांना केळीची बागसुद्धा जंगलच वाटते. गारवा आहे, पाणी आहे, वर रानडुकरं. वाघाला आणखी काय हवं!

आता यातल्या एखाद्याला यावल गाठायचंय. आधी मुक्ताईनगर-बऱ्हाणपूर रस्ता लागेल, मग तापी. तापीचं काही नाही, वाघ पट्टीचा पोहणारा. पण नदीपल्याड भुसावळ-खंडवा रेल्वे आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता आडवे पडलेत.

गाडीखाली मेलेलं जनावर निदान दिसतं, त्याचा पंचनामा होतो. जे रस्त्यापर्यंत येऊन, दिव्यांची रांग बघून माघारी फिरलं, त्याचा पंचनामा कोण करणार? वयात आलेल्या नर वाघाला आईचा मुलूख सोडावाच लागतो. वाट मिळाली नाही तर तो तिथेच झुंजतो, नाहीतर शेतशिवारात शिरतो. शिवाय बाहेरचं रक्त आलं नाही की थोडक्या वाघांचं आपसातच जुळत राहतं.

(मोरीच्या आतून दृश्य.)

मोरी बांधली पाण्यासाठी. पाइपाची असेल तर मुंगूस, उदमांजर निघून जाईल. रोही तोंडाशीच बिचकते. मोठ्या जनावराला उंची लागते, पलीकडचा उजेड दिसावा लागतो. पावसाळ्यात कडेला कोरडी पट्टीही हवी. पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली असे प्रशस्त मार्ग ठेवलेत. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. वाघ ८९ वेळा.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये भुसावळ-खंडवा मार्गावर तिसरी-चौथी लाईन मंजूर झाली, १३१ किलोमीटरची. गाड्या वाढायला हव्यातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण रूळ वाढले की भराव रुंदावतो. जुनी मोरी उंची न वाढवता नुसती लांबवली, तर तिचा अंधारा बोगदा होतो. मोरीचं माप ठरवताना पुराच्या पाण्यासोबत रोहीची उंचीही धरायला हवी.

(वरून मालगाडी जाते. कॅमेरा मोरीतून पलीकडच्या वाळूवर.)

कोल्हा इकडे आलाय. साळिंदरही. रोहीचे ठसे मात्र अलीकडच्या बाजूलाच, तोंडाशी दोनदा घुटमळून मागे वळलेले.