एक फोन आणि अख्खा वर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळा यवतमाळ जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी आमच्या मॅडमकडे. तिसरी, चौथी आणि पाचवी माझ्याकडे, एकाच खोलीत. आज बोलणार आहे ते वर्गातल्या मोबाइलबद्दल, टॅबबद्दल आणि भिंतीवरच्या टीव्हीबद्दल.

गेल्या काही वर्षांत ही साधनं आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत पोचली. कुठं लोकवर्गणीतून, कुठं ग्रामपंचायतीच्या निधीतून, कुठं गावच्या नोकरीवाल्या मुलांनी पैसे जमवून दिले म्हणून. टीव्ही बसतो, नारळ फुटतो, गावाला आनंद होतो, आणि तो व्हायलाच पाहिजे. मला बोलायचंय ते दुसऱ्या दिवसापासून पुढचं. टीव्ही लावला की वर्ग चिडीचूप होतो. लेकरं टक लावून बघतात आणि आपल्याला वाटतं, छान शिकताहेत. तास संपल्यावर विचारा, काय पाहिलं? गाणं पाठ झालेलं असतं, गणित तिथंच असतं. म्हणून कुठलंही साधन वर्गात आणताना मी एकच गोष्ट बघतो: ह्यानं लेकराच्या हाताला काम मिळतंय का, ते बोलतंय का, कुठं अडून विचार करतंय का. मिळत असेल तर एक जुना फोनही पुरतो. नसेल तर खोलीभर टॅब असून उपयोग नाही.

अपूर्णांकांचं उदाहरण घेतो, कारण माझ्या वर्गात सगळ्यात जास्त मुलं तिथं अडतात. फळ्यावर दोन पर्याय लिहिले: एक तृतीयांश भाकर आणि एक चतुर्थांश भाकर. मोठी कोणती? हात वर करा म्हटलं की नेहमीची चार-पाच पोरं हात वर करतात आणि बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघतात. एकजण ‘चतुर्थांश’ बोलला की सगळा वर्ग ‘चतुर्थांश’ म्हणतो. कोणाला खरंच येतं, ते गुरुजीला कळत नाही.

इथं प्लिकर्स नावाचं अ‍ॅप कामाला येतं. त्यात मुलांकडे कुठलंही यंत्र लागत नाही. प्रत्येकाकडे कागदाचं एक कार्ड असतं. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी नक्षी, प्रत्येकाची वेगळी. म्हणजे सात नंबरचं कार्ड सात नंबरच्याच मुलाचं. कार्डाच्या चार बाजूंना अगदी बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं, ती बाजू वर करून कार्ड छातीशी धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. अक्षरं बारीक असल्यानं शेजाऱ्याचं पाहून कार्ड फिरवता येत नाही. मागच्या ओळीत मान खाली घालून बसणारी पोरगीसुद्धा उत्तर देते, आणि ते चुकलं तरी माझ्याशिवाय कोणाला दिसत नाही. कार्डं एकदा छापून पुठ्ठ्यावर चिकटवली की वर्षभर चालतात.

तर त्या दिवशी कार्डं वर झाली आणि निम्म्याहून जास्त वर्गानं एक चतुर्थांश मोठा ठरवला. कारण सरळ आहे, तीनापेक्षा चार मोठे! पूर्ण संख्यांचा नियम मुलं अपूर्णांकाला लावतात. ही चूक बुद्धू मुलाची नसते, विचार करणाऱ्या मुलाची असते. ती उजेडात आली की शिकवायचं काय ते ठरतं. मी फोन खिशात ठेवला. कागदाच्या दोन सारख्या गोल भाकरी कापल्या, एक तिघांच्या गटाला दिली, एक चौघांच्या. सारखी वाटणी करा म्हटलं. घड्या पडल्या, भांडणं झाली, कात्री चालली. मग चौघांतला एकजण म्हणाला, ‘सर, आमच्या वाट्याले कमी आलं जी.’ मी विचारलं, काऊन? तो म्हणाला, ‘खाणारे जास्त हायेत ना.’ छेद वाढला की तुकडा लहान होतो, हे त्यानं त्याच्या शब्दांत सांगून टाकलं.

पडदा त्याच्यानंतर लावला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. गणित-विज्ञानातल्या गोष्टी स्वतः हलवून, बदलून बघता येतील अशी सिम्युलेशन्स त्यांनी बनवली आहेत. ती फुकट आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत आणि उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. अपूर्णांकाच्या सिम्युलेशनमध्ये मूल स्वतः छेद वाढवतं, वर्तुळाचे तुकडे त्याच्यासमोर बारीक होतात, आणि ते बोटानं तुकडे उचलून भरतं. कागदावर बारा भाग करायला तास जातो. इथं ते लगेच होतं. पण कागद आधी, पडदा नंतर, हा क्रम मी मोडत नाही. ज्यानं कात्रीनं तुकडा कापला आहे, त्यालाच पडद्यावरचा तुकडा खरा वाटतो. तासाच्या शेवटी पुन्हा कार्डं, पंचमांश आणि अष्टमांश घेऊन. या वेळी बरीचशी कार्डं बरोबर बाजूनं वर आली. ज्यांची नाही आली, त्यांची नावं फोनमध्ये राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यांनाच जवळ घेऊन बसता आलं. तीन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकाला ही फार मोठी मदत आहे.

आता वाचन. ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत, हे त्याचं लक्ष्य. त्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन म्हणजे फोनमधला साधा रेकॉर्डर. मूल व्हरांड्यात जाऊन पाच-सहा ओळी वाचतं, रेकॉर्ड करतं आणि ऐकतं. मी काहीच बोलत नाही. स्वतःचा आवाज ऐकताना त्याला स्वतःलाच कळतं, कुठं अडखळलो, कुठं पूर्णविराम खाल्ला. तिसरीतली एक पोरगी ऐकता ऐकता म्हणाली, ‘सर, हे पुसा, मी अखीन एकदा वाचतो.’ पुन्हा वाच असं मी म्हटलं असतं तर तिला शिक्षा वाटली असती. इथं तिनं तोच उतारा आपल्या मनानं पुन्हा पुन्हा वाचला.

वाचायला पुस्तकं कमी पडतात, ही खेड्यातल्या शाळेची जुनी अडचण. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मुलांच्या चित्रगोष्टी मोफत मिळतात. मराठीत भरपूर आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. मी त्या टीव्हीवर लावतो, चित्र दाखवतो, मजकूर झाकतो आणि विचारतो, इथं काय लिहिलं असेल? मग झाकण काढून वाचतो. अंदाज बरोबर निघाला की वर्ग असा ओरडतो, की शेजारच्या मॅडम डोकावून जातात.

आमच्या शाळेत पोडावरून, म्हणजे कोलाम वस्तीवरून येणारी लेकरं आहेत, घरी कोलामी बोलणारी. मेळघाटात कोरकू आहे, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया आहे. पहिलीत आल्यावर ह्या मुलांना मराठी शाळा परकी वाटते आणि ती गप्प होतात; शाळा त्यांना मठ्ठ समजते. फोन इथं फार हळुवार काम करू शकतो. मुलानं घरी जाऊन आजीच्या तोंडून वस्तूंची नावं रेकॉर्ड करून आणायची. चूल, पाणी, कोंबडी, पाऊस. वर्गात त्या वस्तूचं चित्र काढायचं, आजीचा आवाज ऐकवायचा आणि मराठी शब्द खाली लिहायचा. त्या दिवशी बाकीची मुलं त्याच्याकडून शब्द शिकतात. तो गुरुजी होतो! एरवी तोंड न उघडणारं मूल सगळ्या वर्गाला उच्चार दुरुस्त करायला लावतं, हे मी पाहिलं आहे, आणि माझ्या नोकरीतल्या चांगल्या दिवसांत मी तो दिवस धरतो.

कॅमेऱ्याबद्दल एक सांगतो, ते शेतकरी श्रोत्यांनी जरूर ऐकावं. शाळेच्या मागच्या बाजूला पऱ्हाटीचं वावर आहे. ऑगस्टमध्ये फुलं लागली की आम्ही परिसर अभ्यासाचा तास बांधावर घेतो. काही फुलं नीट उमलत नाहीत, पाकळ्या गुंडाळून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात. आपण तिला डोमकळी म्हणतो. मुलांनी तिचा फोटो काढला, मग शेतमालकाला विचारून ती तोडली, हळूच उकलली आणि आत काय आहे ते कॅमेरा झूम करून पाहिलं. आत गुलाबी बोंडअळी. तिनंच लाळेच्या धाग्यानं पाकळ्या शिवून घेतल्या होत्या. मग चित्रं काढली, टीव्हीवर फोटो लावून नाव-भाग लिहिले, आणि घरी जाऊन बाबांना सांगितलं की डोमकळी दिसली की तोडून अळीसकट नष्ट करा. २०१७ साली ह्या अळीनं विदर्भात काय नुकसान केलं, ते प्रत्येक घराला माहीत आहे. पाचवीतलं पोर फोटो दाखवून बापाला समजावून सांगतं, तेव्हा त्यानं अळीचा जीवनक्रम पाठ केला की नाही, हे मला परीक्षा घेऊन बघावं लागत नाही.

असा विचार विदर्भाला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नयी तालीम उभी राहिली. हातानं काहीतरी घडवताना भाषा, गणित, भूगोल शिकायचं, ही तिची मांडणी. तेव्हा लेकराच्या हाती सूत कातायची टकळी होती. तिचे किती तार निघाले, किती वेळ लागला, कापूस कुठून आला, ह्यातून अभ्यास व्हायचा. आज हाती फोन आला, तरी लेकरानं त्यातून काही घडवलं पाहिजे, ही अपेक्षा मला आजही बरोबर वाटते.

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. वीज जाते. पावसाळ्यात नेट जातं. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, आणि पत्र्याखाली ऊन चढलं की फोन तापून बंद पडतो. म्हणून मी वर्गात नेटवर भरवसा ठेवत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. ते २०१७ ला सुरू झालेल्या दीक्षा या व्यासपीठावर नेतात, आणि दीक्षाच्या अ‍ॅपमध्ये मजकूर उतरवून ठेवता येतो. संध्याकाळी रेंज मिळते तिथं उद्याचं उतरवायचं, पेन ड्राइव्हमध्ये भरायचं, फोन चार्ज करून निजायचं. वीज नसली तर त्याच धड्यासाठी फळ्यावरची तयारी असली पाहिजे. तयारी न करता टीव्ही लावला आणि वीज गेली, तर तास वाया जातो आणि मुलं सैरभैर होतात.

व्हिडिओ लावलाच तर मध्येच थांबवा. बी रुजलं, आता पुढं काय होईल? सांगा, वहीत काढा, मग बघू. सलग दहा मिनिटांच्या वर मी पडदा चालू ठेवत नाही. गुणांची चढाओढ लावणारे खेळ मी टाळतो; पहिल्या येणाऱ्या दोघांना मजा येते आणि शेवटच्या दहांना शाळा नकोशी होते. आणि शिक्षक मित्रांनो, मुलांचे चेहरे, नावं, गुण गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि मुलांच्या माहितीसाठी तो पालकांची संमती मागतो. कायदा नसता तरी विचारणं हे आपलं काम होतं.

पालकांनो, ‘असर’ नावाच्या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा ग्रामीण भारताचा अहवाल सांगतो की १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. फोन कशासाठी हाती घ्यायचा, ही सवय चौदाव्या वर्षी लागत नाही. ती आधीच, आमच्या वर्गात आणि तुमच्या ओसरीवर लागते. म्हणून लेकरू शाळेतून आलं की ‘आज मोबाइलवर काय पाहिलं’ असं विचारू नका. ‘आज काय बनवलं, दाखव’ असं विचारा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीलाही या. टीव्ही आहे तर तो आठवड्यातून किती वेळा लागतो, त्याच्यापुढं मुलं काय करतात, बंद असेल तर कशामुळं, हे हक्कानं विचारा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो.

आणखी एक विनंती. नवा फोन घेतला की जुना कपाटात पडून राहतो. काच तडकलेली असली, बॅटरी अर्धा दिवसच टिकत असली, तरी त्याचा कॅमेरा आणि रेकॉर्डर चालत असतो. त्यातलं सिम काढा, आपले फोटो आणि पैशांची अ‍ॅपं पुसा, फॅक्टरी रीसेट करा आणि चार्जरसकट गावच्या शाळेत नेऊन द्या. चार मुलांच्या गटाला असा एक फोन भरपूर होतो.

नमस्कार.