एक मीटर म्हणजे किती पाणी?

[दृश्य: सिन्नरच्या पूर्व भागातली विहीर. कठड्यावर रंगाने केलेली खूण.]

पोलादी टेपच्या टोकाला खडू फासलाय. टेप खुणेपासून विहिरीत सोडायची, पाण्याला टेकली की आणखी थोडी बुडवायची आणि वर ओढायची. खुणेखाली सोडलेल्या टेपच्या लांबीतून, खडू जेवढा भिजला तेवढी लांबी वजा केली की पाणी किती खोल आहे ते कळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर.

मोजमाप सोपं आहे. घोळ होतो तो आकड्याचा अर्थ लावताना.

[दृश्य: ताज्या खोदलेल्या विहिरीची भिंत, वरून खाली.]

नाशिकच्या जमिनीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी पट्टी दिसते. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची छिद्रं मांजऱ्यात राहिली. पण पुढे त्यातली पुष्कळशी झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हीच खनिजं काचेमागे चमकतात. दिसायला देखणी, पण पाण्याची वाट अडवणारी! त्यामुळे इथलं पाणी मुख्यतः मुरमात, भेगांत आणि सांध्यांत. पाषाण कोरडा तो कोरडाच. एका शेतात दोन इंची पाणी लागतं आणि बांधापलीकडे बोअरमधून नुसता फुफाटा उडतो, तो याचमुळे. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला म्हणून भेगा जागा बदलत नाहीत.

[दृश्य: कागदावर आकडेमोड.]

भूजलाच्या मोजणीत भेगाळ, मांजऱ्या बेसाल्टसाठी एक आकडा धरतात: 1 ते 3 टक्के. म्हणजे शंभर लिटर भिजलेल्या खडकातून सुटून येणारं पाणी एक ते तीन लिटर. आपण दोन धरू.

आता बातमी वाचा: "गावातली पाणीपातळी एक मीटरने वाढली." एका एकराखाली एक मीटर जाडीचा खडक भरला, तर त्यातून मिळणारं पाणी सुमारे 81 हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर. पावसाच्या भाषेत बोलायचं तर जेमतेम 20 मिलिमीटर. विहीर तुडुंब दिसते ती खडकात जागाच कमी आहे म्हणून. जागा कमी, म्हणून भरते लवकर आणि आटतेही लवकर.

पाऊस किती मुरतो, हे मोजायची एक नामी पद्धत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ती देशातल्या अनेक खोऱ्यांत वापरली. पावसाळ्याआधी मुळांच्या खाली मातीत थोडं ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, पाण्याबरोबर वाहणारा) टोचायचं आणि पावसाळ्यानंतर तिथलीच माती थराथराने काढून ते किती खाली सरकलं ते पाहायचं. त्यावरून किती पाणी खाली उतरलं, याचा हिशेब निघतो. बेसाल्टच्या मुलखात हा वाटा साधारण पावसाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पण घाटाच्या आडोशाला असलेल्या पूर्व सिन्नरला पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. पाचशेचा दहावा भाग पन्नास. वीस मिलिमीटरला एक मीटर, या हिशेबाने कागदावर पातळी अडीच मीटर वाढते.

[दृश्य: उन्हाळ कांद्याची शेतं.]

उन्हाळ कांद्याला पाटाने पाणी दिलं तर साधारण पाचशे मिलिमीटर लागतं. म्हणजे एक एकर कांदा पंचवीस एकरांखालचं एक मीटर पाणी पितो. ठिबकने वाचतं, पण ठिबक आल्यावर कांद्याचे एकरही वाढतात, हे बोललं जात नाही.

[दृश्य: निळ्या कागदाचं शेततळं.]

शेततळ्याचं तर वेगळंच. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं तळं पावसाने भरत नाही. ते सहसा विहिरीतून नाहीतर बोअरमधून भरतात. सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं! तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून, दिवसाला सात मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर रोज सहा हजार तीनशे लिटर पाणी उडून जातं. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. विहिरीत ठेवलं तर शेजारचा पंप ओढून नेईल, हे त्याला जास्त पक्कं ठाऊक असतं.

[दृश्य: ग्रामपंचायतीची बैठक.]

2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेने गावांना पाण्याचा ताळेबंद, म्हणजे जमाखर्च, मांडायला लावलं. त्यासाठी ऑक्टोबरची नोंद कामाची, कारण रब्बीची पेरणी तोंडावर असते. कांद्याला पाचशे, हरभऱ्याला त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. किती एकर कांदा आणि किती हरभरा, हे बियाणं विकत घ्यायच्या आधी ठरवता येतं. फक्त सगळ्यांच्या विहिरींचे आकडे एकाच कागदावर यायला हवेत, आणि बोअरचेही.