डिंकिनेश: पाऊण किलोमीटरचा दगड आणि त्याचा जोडगोळी चंद्र

नमस्कार मंडळी. लघुग्रह म्हटलं की आपल्याला एकदम पृथ्वीवर आदळणारा वगैरे आठवतो, पण आजचा आपला दगड बिचारा कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मंगळ आणि गुरूच्या मधे लघुग्रहांचा जो पट्टा आहे, त्याच्या आतल्या भागात तो सव्वातीन वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. नाव डिंकिनेश, आणि सरासरी व्यास ७२० मीटरच्या आसपास, बस्स.

सापडला ४ नोव्हेंबर १९९९ ला. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सोकोरोजवळ लिनिअर नावाचा सर्व्हे चालायचा, म्हणजे दुर्बिणी रात्रभर आकाशाचे फोटो काढणार आणि कॉम्प्युटर त्यातले सरकणारे ठिपके हुडकणार, तर असल्या ढिगाने सापडलेल्या ठिपक्यांमधला हा एक. पुढे वीसेक वर्षं त्याला नीट नावसुद्धा नव्हतं.

२०२३ मधे नशीब उघडलं. नासाचं लूसी यान गुरूच्या ट्रोजन लघुग्रहांकडे, म्हणजे गुरूच्याच कक्षेत त्याच्या पुढेमागे राहून सूर्याभोवती फिरणाऱ्या दगडांकडे, निघालं होतं, वाटेत हा जवळून जाईल असं लक्षात आलं, आणि भरधाव जाताना कॅमेरा आपोआप लक्ष्यावर धरून ठेवणारी सिस्टीम तपासायला बरा म्हणून लिस्टमधे घेतला. थोडक्यात काय, रंगीत तालीम!

तोवर इकडे पृथ्वीवरून त्याची चमक कशी कमीजास्त होते ते मोजणं चालू होतं. ओबडधोबड दगड फिरताना कधी रुंद बाजू दाखवतो कधी अरुंद, त्यामुळे उजेड वरखाली होतो आणि त्यावरून स्वतःभोवती फिरायला किती वेळ लागतो ते काढता येतं. उत्तर आलं साधारण ५२.७ तास. म्हटलं, स्वारी भलतीच संथ दिसतेय.

मग १ नोव्हेंबरला लूसी ४३० किलोमीटरवरून, सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वेगाने निघून गेलं आणि फोटो उतरवले तर शेजारी चक्क एक चंद्र! काही दिवसांनी पुढचे फोटो आले, सहा मिनिटांनंतरचे, कोन बदललेला, आणि त्यात तो चंद्रसुद्धा एकसंध नाही, दोनशे मीटरपेक्षा जरा मोठे दोन गोळे एकमेकांना चिकटलेले, आधीच्या फोटोत एक दुसऱ्यामागे दडला होता. त्याला नाव दिलं सेलाम. असा जोड चंद्र तोवर कुणी पाहिलाच नव्हता. आणि ते ५२.७ तास? ते सेलामच्या प्रदक्षिणेचे निघाले, तीन किलोमीटरवरून तो एवढ्या वेळात एक फेरी मारतो. डिंकिनेश स्वतः पावणेचार तासांत गिरकी घेतो. आकडा बरोबर होता हो, फक्त मालक चुकला.

मला मात्र डिंकिनेशच्या कमरेवरचा, म्हणजे विषुववृत्तावरचा, उंचवटा जास्त भारी वाटतो. ऊन खाऊन तापलेला दगड ती उष्णता परत बाहेर टाकतो, आकार वाकडातिकडा असल्याने तो धक्का सगळीकडून सारखा बसत नाही, आणि लाखो वर्षांत गिरकी हळूहळू वाढत जाते. वाढत वाढत एवढी होते की अंगावरचे दगडधोंडे सुटायला लागतात. डिंकिनेशवर एक लांब खाच आहे, तिथून माल सरकला असणार असा अंदाज, त्यातला काही परत कमरेवर पडून तो कट्टा झाला आणि काही वरच राहून त्याचा सेलाम झाला. पण जवळपास सारखेच दोन गोळे कसे तयार झाले आणि इतक्या अलगद कसे चिकटले, यावर शास्त्रज्ञांचं डोकं अजून चालू आहे.

लूसी आता ऑगस्ट २०२७ मधे युरीबेटिस या ट्रोजनपाशी पोचेल. चंद्र त्यालाही आहे, पण तो हबल अवकाश दुर्बिणीने आधीच पकडलाय.