बेळगाव समजायचं तर खाणीत उतरायला हवं

नमस्कार. अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि एवढ्या पावसातून आलेले तुम्ही सगळे. पत्रिकेत विषय छापलाय ‘बेळगाव परिसरातले खडक, खाणी आणि जीवाश्म’. विषय मोठा आहे, पण मला सांगायचंय ते एकच. या शहराच्या पायाखाली काय आहे, हे आपल्याला ज्यांनी दाखवलं ते खाणी खोदणारे आणि विहिरी पाडणारे लोक. त्यांनी उघडं केलेलं आपण आता बुजवत चाललोय.

असं का म्हणतो, ते सांगतो. साताऱ्याकडे जाताना घाटात बघा, डोंगराच्या अंगावर थरावर थर स्पष्ट दिसतात. बेळगावात तसं नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, जांभ्याच्या आणि तांबड्या मातीच्या पांघरुणावर बसलोय. पाऊस भरपूर, त्यामुळे वर गवत-झाडोरा. हिंडून हिंडून पाय दुखतील, पण खालचा खडक सहज दिसणार नाही. तो दिसतो कुणी खोदलं तरच.

बरं, मला सांगा, घरात पाटा-वरवंटा अजून कुणाकुणाकडे आहे? हात वर करा. वा! मागच्या रांगेत ताईंनी दोन्ही हात वर केलेत. दोन पाटे दिसतात. सुनांनाही वाटायला शिकवा! तर ताई, तुमचा तो काळा दगड म्हणजे सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. महाराष्ट्रभर पसरलेला हा काळा पाषाण दक्षिणेकडे येत येत आपल्या जिल्ह्यात संपतो. आणि जुन्या घराच्या भिंतीतला जांभ्याचा चिरा? तोही मुळात खडकच, लाखो वर्षं पावसाळे सोसून बदललेला. पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने तासता येतो. वारा लागला, वाळला, की कठीण होतो. म्हणून चिरे पाडून वाळत रचून ठेवतात. हे कुणी पुस्तकात वाचून ठरवलेलं नाही.

मी भूगोल शिकवायचो. मुलांना घेऊन काळ्या दगडाच्या एका खाणीत जायचो. नाव सांगत नाही. तिथं वडार समाजातले एक वयस्क गृहस्थ काम करायचे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामा आधी घणाने दगडावर हलकी टिचकी मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत आवाज आला तर म्हणायचे, “ह्यो बोलतोय.” आवाज बद्द आला की पुढं जायचे. मग छिन्नीने ओळीत भोकं पाडायची, पाचरी ठोकायच्या, आणि दगड ठरवलेल्या रेषेत फुटायचा. मुलं टाळ्या वाजवायची.

एकदा त्यांनी मला खाणीच्या भिंतीत एक तांबडी पट्टी दाखवली. वीतभर जाडीची. वर काळा दगड, खाली काळा दगड, मध्ये ती. म्हणाले, “सर, ही पट्टी आली की जपून. हितनं खालचा दगड येगळा.” आता बघा, ती पट्टी म्हणजे दोन लाव्हांच्या मधला काळ होता! पहिला लाव्हा वाहिला, थंड झाला, उघडा पडला, पावसापाण्याने त्याची माती झाली, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. मधे केवढा काळ गेला असेल! शास्त्रज्ञ ज्याला लाव्हाच्या प्रवाहांची सीमा म्हणतात, ती मामांना हाताने कळत होती. मी त्या दिवशी वर्गात फळ्यावर काही काढलंच नाही. मुलांना म्हटलं, आज मामांनी शिकवलं तेच लिहा.

ती खाण आता नाही. काम बंद पडल्यावर पाणी साचलं, पोरं पोहायला लागली, एक अपघात झाला. कुंपण घालायला हवं होतं, हे कुणीही मान्य करील. पण कुंपण घातलं नाही, कचरा टाकायला सुरुवात झाली. पाडलेल्या घरांचा राडारोडा, प्लास्टिक, सगळं. मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. निम्मी खाण बुजवा, पण ती तांबडी पट्टी असलेली एक भिंत राहू द्या, एवढंच मागितलं होतं. समोरच्या माणसाने विचारलं, “पडीक खड्डा आहे तो, त्यात राखायचं काय?” मी पट्टीचा फोटो दाखवला. त्यांनी अर्जावर शिक्का मारला. पुढच्या वेळी गेलो तर टेबलावर दुसरं कुणी होतं, अर्ज सापडत नव्हता. आज तिथं सपाट जागा आहे. मला याचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. सहा कोटी वर्षं टिकलेली गोष्ट आपण दोन पावसाळ्यांत गाडली.

आता गेंड्याकडे येतो, कारण बऱ्याच जणांनी आल्या आल्या त्याचंच विचारलं. होय, आपल्या जिल्ह्यात गेंडा होता. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचे भूवैज्ञानिक १८६३ साली मद्रासजवळच्या पल्लावरमला अश्मयुगीन हत्यार ओळखून प्रसिद्ध झाले, तेच पुढं आपल्या भागात सर्वेक्षणाला आले. बेळगावात अजून रेल्वे नव्हती. गोकाकजवळ चिकदौली गावापाशी, ओढ्याने कापलेल्या दरडीत त्यांना गेंड्याच्या जबड्याचे आणि दातांचे अवशेष मिळाले. १८७४ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा. गेंड्याला पाणी लागतं, चिखल लागतो, हिरवा चारा लागतो. आज गोकाकच्या पूर्वेला उन्हाळ्यात जाऊन बघा, आणि मग तिथं चरणारा गेंडा डोळ्यांपुढे आणा. १८७६ साली फूटचा दक्षिण मराठा मुलखावरचा मोठा अहवाल आला. इतक्या वर्षांनंतरही त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. आणि त्या गेंड्याची साधी प्रतिकृती, एखादा फलक, जिल्ह्यात मला कुठं दिसला नाही. गोकाकचा धबधबा बघायला हजारो जातात. ५२ मीटरवरून घटप्रभा पडते, झुलत्या पुलावर फोटो निघतात, १८८५ ची गिरणी बघतात. गेंडा तिथून जवळच होता, हे त्यांना कुणी सांगत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मग उरलेलं भराभर सांगतो, कारण खरा मुद्दा यातच आहे.

गोकाकच्या धबधब्याचा कडा लाव्हाचा नव्हे. तो वालुकाश्म आहे, म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेला दगड, ‘कलादगी’ नावाच्या खडकांच्या गटातला, लाव्हाच्या कितीतरी आधीचा. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर, नविलतीर्थाची खिंड, जिथं मलप्रभेवर धरण आहे, तिथंही हाच जुना गट, फार कठीण क्वार्टझाइट, म्हणजे वालुकाश्माचाच घट्ट झालेला प्रकार. बागलकोटकडे लोकापूरच्या बाजूला याच गटाच्या डोलोमाइटमध्ये, म्हणजे चुनखडीसारख्या दगडात, सूक्ष्म जीवांनी रचलेले थर आहेत, स्ट्रोमॅटोलाइट. शंभर कोटी वर्षांहून जुने! म्हणजे सकाळी बेळगावातून निघालात तर दुपारपर्यंत लाव्हा ओलांडून त्या काळात पोचता. आणि गोकाक तालुक्यात ममदापूर, उप्परहट्टीकडे दोन लाव्हांच्या मध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यांचा गाळ सापडतो, त्यात शंख-शिंपले आहेत. मामांच्या तांबड्या पट्टीच्या जागी तिथं तळं होतं, एवढाच फरक.

खाणींचा वारसा म्हणाल तर सह्याद्रीच्या बाजूला जांभ्यातलं लोहखनिज कोळशावर गाळून लोखंड काढायचे. बाहेरचं स्वस्त लोखंड आलं, जंगलं आटली, भट्ट्या विझल्या. पुढं त्याच जांभ्याखालचं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, महत्त्वाचं झालं आणि बेळगावात यमनापूरला ॲल्युमिना कारखाना उभा राहिला. खानापूरच्या कौलांचं आणि मडक्यांचं राहिलंच, त्यावर वेगळं बोलायला हवं.

मागणी अशी. बंगळुरूच्या लालबागेतल्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावरच्या खांबांसारख्या लाव्हालाही आहे. आपण एवढं मोठं मागत नाही. बेळगाव, खानापूर, गोकाक या बाजूंना बंद पडलेल्या खाणींपैकी थोड्या निवडाव्यात, त्यांची एकेक भिंत स्वच्छ ठेवावी, मजबूत कुंपण घालावं आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत फलक लावावा. फलकावर खडकाचं वय असावं आणि तिथं राबलेल्या लोकांची माहितीही असावी. शाळांनी वर्षातून एकदा मुलांना तिथं न्यावं. बुजवायचीच असेल तर आधी छायाचित्रं, मापं, खडकाचे नमुने घ्यावेत. खर्च फार नाही.

दाराशी वही ठेवलीय. आपल्या गावातल्या बंद खाणीचं नाव, जुन्या विहिरीत कुठले थर लागले होते, घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल ते, सगळं लिहून जा. वडार वस्तीतल्या म्हाताऱ्यांशी ओळख असेल तर तेही लिहा, त्यांना भेटायला मी स्वतः येतो. आता प्रश्न विचारा, अध्यक्ष माझ्याकडे बघतायत.