एकतर्फी लिंक: दिवा हिरवा, कोअर बंद

[दृश्य: रॅकमधला स्विच, दोन कोअरची फायबर पॅचकॉर्ड]

फायबर लिंकला दोन कोअर, म्हणजे काचेचे दोन तंतू लागतात, एक जायला, एक यायला. दोन्ही तुटल्या तर पोर्ट डाउन होतो आणि लगेच कळतं. घात करते ती एकटीच गेलेली कोअर. १ जीच्या (सेकंदाला १ गिगाबिट) फायबरवर ऑटोनेगोसिएशन, म्हणजे दोन्ही टोकांची आपापसातली बोलणी, चालू असेल, तर प्रकाश न मिळणारी बाजू समोरच्याला तसं कळवते आणि लिंक दोन्हीकडे पडते. पण ते बंद ठेवलं असेल, मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) असेल किंवा पॅच पॅनेलवर दोन लिंकच्या कोअरची अदलाबदल झाली असेल, तर दिवे हिरवेच राहू शकतात.

[दृश्य: तीन स्विचचा त्रिकोण]

अ, ब आणि क. लूप होऊ नये, म्हणजे फ्रेम (डेटाचे तुकडे) गोल फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री या प्रोटोकॉलने 'क'चा 'ब'कडचा पोर्ट ब्लॉक केलाय. तो ब्लॉक राहतो, कारण 'ब'कडून दर २ सेकंदांनी बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा संदेश येतोय. ही येणारी कोअर गेली, की 'क'च्या लेखी पलीकडे कुणी उरलंच नाही. २० सेकंद वाट पाहणं, मग पोर्ट उघडण्याआधीचे दोन टप्पे: १५ लिसनिंग, १५ लर्निंग. पन्नासाव्या सेकंदाला पोर्ट खुला. जाणारी कोअर मात्र शाबूत! ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची फ्रेम क, ब, अ, पुन्हा क अशी फिरत राहते. इथरनेट फ्रेमला टीटीएल (आयुष्याची मर्यादा) नसते, त्यामुळे ती आपणहून मरतही नाही.

[दृश्य: दोन पोर्टमधले संदेश]

यावर सिस्कोचा यूडीएलडी, म्हणजे एकतर्फी लिंक ओळखणारा प्रोटोकॉल आहे. २००८च्या आरएफसी ५१७१ या इंटरनेट दस्तऐवजामध्ये त्याचं वर्णन सापडतं. पोर्ट स्वतःची ओळख पाठवतो, सोबत ज्यांचं ऐकू आलं त्यांची यादीही. शेजाऱ्याच्या यादीत आपण नाही, म्हणजे लिंक एकतर्फी, पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे दोषामुळे स्विचनेच बंद केलेला. अर्थात दोन्ही टोकांना तो चालू हवा. संदेश दर १५ सेकंदांनी जातात. दोष कळायला त्याच्या अडीच पट अधिक ४, म्हणजे सुमारे ४१ सेकंद. पन्नासाच्या आत, जेमतेम. कुणी हे अंतर ६० सेकंद केलं, तर हिशोब १५४वर जातो आणि लूप केव्हाच झालेला असतो.

नॉर्मल मोडमध्ये शेजारी नुसताच गप्प झाला, तर पोर्ट चालूच राहतो. ॲग्रेसिव्ह मोड दर सेकंदाला एक असे ८ संदेश पाठवून पाहतो, उत्तर नाही आलं तर पोर्ट बंद.

रॅपिड स्पॅनिंग ट्री, म्हणजे त्याची वेगवान आवृत्ती, मात्र तीन बीपीडीयू चुकले, की ६ सेकंदांतच हलतं. तिथे लूप गार्ड लागतोच; बीपीडीयू थांबले तरी तो पोर्ट उघडू देत नाही. पण आधी येणारे बीपीडीयू थांबले, एवढंच त्याला समजतं. जोडतानाच चुकलेली कोअर यूडीएलडीच पकडतो. दोन्ही लावावेत.

[दृश्य: ट्रान्सीव्हरचे आकडे]

पोर्ट बंद पडला, की आधी दोन्ही टोकांची ट्रान्समिट आणि रिसीव्ह पॉवर पाहा. १० जी एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलला किमान उणे १४.४ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) प्रकाश हवा. उणे ४०च्या आसपासचा आकडा म्हणजे अंधारच. कनेक्टर साफ करा, पॅचकॉर्ड बदला, पॅनेलवरची जोडणी तपासा. कोअरमध्ये डोकावू नका: १३१० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही. आपोआप पोर्ट उघडणारी एरर-डिसेबल रिकव्हरी इथे बंदच बरी. कोअर तशीच मेलेली असेल, तर ३०० सेकंदांनी तोच खेळ पुन्हा. दुरुस्ती झाली, पॉवर जुळली, मगच यूडीएलडी रीसेट.